रससंकोच

"पुरावा तेवढा द्या, दुपारी हिला कामावरनं काढतो," ऋषिराज म्हणाला.

काटेवाडीतल्या त्याच्या रोपवाटिकेत उसाच्या चाळीस हजार रोपांनी माना टाकल्या होत्या. पाणी देण्याचे काम सारजाक्कांचे. त्या पदराचे टोक पिळत उभ्या होत्या. खासगी तपासनीस राजेश्वरीबाई ट्रेमधली माती चिमटीत चोळत होत्या. त्यांचा सहायक दीपक अस्वस्थपणे येरझारा घालत होता.

"माती तर ओली आहे," बाई म्हणाल्या.

"असनारच! कालवा बंद हून वीस दिस झालं, पन तळ्यातलं पानी रोज पाजलंय मी," सारजाक्का उसळल्या.

दीपकने कालव्याच्या पाण्यावर भरणारे शेततळे पाहिले. काठोकाठ भरलेले. पाण्याची अडचण नव्हतीच, असे ठरवून त्याने खत देणाऱ्या विकीला गाठले.

"खत जास्त झालं ना?"

"गोण्या बघा की सायेब, शिवलेल्याच हायत. महिन्यात हात लावला न्हाय."

बांधापलीकडे ऋषिराजचे चुलते जोतीराम उभे होते. त्यांचा कोवळा ऊस तरारलेला होता.

"तात्या, तुमची बोअर गोडी का?" बाईंनी विचारले.

"कसली गोडी! मिठागर हाय नुसतं. पन ऊस बघा माजा!"

बाईंनी रोपाच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सर्वांना जवळ बोलावले.

"पेशीची भिंत जागेवर आहे, आतला जीवरस मात्र आकसून तिच्यापासून सुटला आहे. हा प्लाझ्मोलिसिस, मराठीत रससंकोच. ग्रीकमध्ये प्लाझ्मा म्हणजे घडवलेली वस्तू, लिसिस म्हणजे सुटणे. एकोणिसाव्या शतकात एका डच वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शब्द योजला. बाहेरचे पाणी पेशीरसाहून खारे झाले, की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. रोप ओल्या मातीत तहानते."

"पण खत तर दिलेलं नाही," दीपक म्हणाला.

"म्हणून उरले पाणी. वीस दिवस कालवा बंद, रोजचा उपसा चालू. मग तळे काठोकाठ कसे? आणि खाऱ्या बोअरवरचा ऊस तरारला कसा?"

साऱ्या नजरा जोतीरामांकडे वळल्या.

"चोरी न्हाय ती!" तात्या तडकले. "जेवढं गोडं घेतलं, त्याहून जास्त बोअरचं भरून तळं काठोकाठ ठिवलं की! पानी ते पानी!"

"रोपं गेली का हो?" ऋषिराजने विचारले.

"अजून नाहीत. गोडे पाणी वेळेत मिळाले, तर जीवरस फुगून पुन्हा भिंतीला भिडतो. टँकर मागवला आहे."

ऋषिराजने मान खाली घातली. "सारजाक्का, चुकलो मी. उद्यापासनं या कामावर."

"उद्या?" सारजाक्कांनी पदर खोचला. "आन् आज ह्यास्नी पाजाया तात्या येनार व्हय?"