कोरडी भिंत

लाईट येईल तेव्हा येईल, मनन. मोबाईल ठेव खाली आणि ऐक. हे इथंच देवासला घडलं, माझ्या मावसबहिणीच्या घरी. तिला सगळे अक्का म्हणतात. तिच्या सुनेनं, स्वप्नालीनं, स्वतः मला सांगितलंय. तेव्हा मध्येच दात काढायचे नाहीत, भिया.

गेल्या भादव्यात, पितृपक्षातल्या अष्टमीला अक्कानं सुनेला साडी आणायला बाजारात पाठवलं. दुसऱ्या दिवशी अविधवा नवमी. विपुलची पहिली बायको अपूर्वा भरल्या कपाळानं गेलेली. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालून साडी द्यायची, ही आपल्याकडची रीत. "हिरवी आण हं, तिला हिरवा आवडायचा," अक्का म्हणाली. विपुलनंही मान हलवली. झालं, तिथंच स्वप्नालीचं डोकं फिरलं.

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी घरात मेलेलीच्याच आवडीनिवडी! त्यात झोपायच्या खोलीत पावसाळाभर सीलन, भिंतीला ओल. अपूर्वाचं कपाट बाथरूमच्या भिंतीला चिकटून उभं आणि त्यामागे काळी बुरशी. कपाट हलवायचं म्हटलं की विपुल म्हणायचा, "राहू दे ना." शेवटी श्रावणात बाई हट्टाला पेटली. कपाट ओट्यावर काढलं, गळका पाईप बदलून घेतला, फुगलेलं प्लास्टर खरवडून नवं करवलं. खिडकी उघडी, पंखा सुरू. भिंत खडखडीत वाळवली. कामाची आहे, यात वाद नाही.

आता राहिली होती फक्त पुताई, चुन्याचा हात. तर ही बाजारातून साडीऐवजी सुहागा, म्हणजे बुरशी मारायचा टाकणखार, आणि चुना घेऊन आली. "अक्का, गेलेल्यांना साड्या कशाला? आधी जिवंत माणसांची भिंत बघा," म्हणाली. हिनं सुहाग्याच्या पाण्यानं भिंत पुसली, वर चुना मारला. नवमीच्या संध्याकाळी हात फिरवून पाहिला. एकदम कोरडी. तिला वाटलं, आता खोली माझी. नवराही माझाच.

त्या रात्री पाऊस नव्हता, बरं का. मध्यरात्र उलटल्यावर तिला वासानं जाग आली. कोंदट वास. ओल्या कपड्यांचा. तिनं विपुलवरून हात नेऊन भिंत चाचपली. कोरडी...

वास विपुलकडून येत होता.

तिनं टॉर्च लावला. विपुल गळ्यापर्यंत चादर घेऊन झोपलेला. पाठ हिच्याकडे. तोंड भिंतीकडे. तो झोपेतच मागे सरकला. जागा केल्यासारखा. मग हात उचलला... त्या रिकाम्या जागेवर टाकला...

हात गादीला टेकला नाही. मध्येच राहिला.

आणि विपुल हसत होता.

"भ्यायलीस का गं?" मी तिला विचारलं.

"भीती नंतर वाटली, मामा. आधी जळफळाट झाला. दोन वर्षांत माझ्याजवळ ते असे कधी हसले नाहीत."

तिनं दातओठ खाऊन त्याला आपल्याकडे ओढलं. हात धपकन गादीवर पडला. वास गेला.

सकाळी विपुलला काहीच आठवेना. अंघोळीला जाताना त्यानं बनियन काढून टाकलं. तिनं उचललं. पाठीवर काळ्या बुरशीचे दोन पंजे उमटले होते. समोरून कुणी घट्ट मिठी मारावी, तसे. बोटं पसरलेली.

स्वप्नालीनं आपले हात त्यावर ठेवून पाहिले.

तिची बोटं लहान पडली.