कमलम्मांच्या नावावरचा एमआरआय

दुपारचे अडीच. वार मंगळवार. सोलापुरातल्या एका खासगी सेंटरमध्ये एमआरआय मशीनची घंटा वाजली.

यात माझ्या पदरचं काहीच नाही. तिथले रेडिओलॉजिस्ट माझे थोरले भाऊ, महेश्वरअण्णा. त्यांनी सांगितलं तेवढंच लिहितो.

मशीनमध्ये कमलम्मा होत्या. अक्कलकोटकडच्या. थोडं चाललं की पाय लुळे पडायचे.

आत त्रास झाला तर दाबायला पेशंटच्या हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की घंटा वाजते.

अण्णांनी माइकवर विचारलं, "काय झालं, मावशी?"

"काय न्हाय की. फुगा तर मगाच खाली पडला. ल्हान पोर हाय का मी, फुगा खेळायला?"

फुगा खरंच जमिनीवर होता...

घंटा पुन्हा वाजली.

मग स्पीकरमधून खोकला ऐकू आला. पुरुषाचा.

"पाठीत मधी बगा, साहेब..."

"मावशी, कोण बोललं?"

"तेच इचारते. हितं आत आनि कोन हाय?"

अण्णांनी ते शब्द आधीही ऐकले होते.

गेल्या वर्षी याच टेबलावर मल्लप्पा नावाच्या पेशंटने हेच सांगितलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त कंबर होती. अण्णांनी कंबरच पाहिली. गादी सरकल्याचा रिपोर्ट दिला. त्यावर मल्लप्पांना स्टिरॉइड दिलं गेलं. पायातली उरलीसुरली ताकद गेली. मग मल्लप्पाही गेले.

या वेळी अण्णांनी पूर्ण पाठ घेतली.

मज्जारज्जू सुजलेला. त्याच्या मागे काळ्या, नागमोडी रेघा. धमनी आणि शीर भलत्याच जागी जोडली गेली की रक्त तुंबतं, वाहिन्या अशा फुगतात. यात स्टिरॉइड दिलं की पाय आणखी जातात. शेजारी एक जुना मोडलेला मणका.

वेळेत सापडलं, म्हणून अण्णा चक्क रडले. कमलम्मांना अँजिओग्राफीसाठी लगेच पुण्याला पाठवलं.

पुण्याहून फोन आला.

"डॉक्टर, सीडी बदलली का? बाईंचा एकही मणका मोडलेला नाही. तशा वाहिन्याही नाहीत. हा पेशंट दुसराच आहे."

त्या मंगळवारी पूर्ण पाठ दुसऱ्या कुणाचीच घेतली नव्हती...

अण्णा मल्लप्पांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला, काशम्मांना विचारलं, ते कधी पडले होते का?

"व्हय. चिंचंवरनं. पाठीत मधी मणका मोडलेला. तुमाला सांगितलं न्हाय व्हय त्यांनी?"



कमलम्मा अजून पुण्यातच आहेत. निदान झालेलं नाही. काल सकाळपासून त्यांचा डावा पाय हलत नाही.