तिसरी फुली

गाडीच्या पुढच्या दिव्यांचं सेटिंग दिवसा होत नाही. त्याला अंधार लागतो आणि समोर सपाट भिंत लागते. म्हणून टर्नर त्या रात्री बाहेर पडला. एरवी जेवण झाल्यावर हाक मारली तरी कूस न बदलणारा माणूस.

मामा सुरुवात अशी करतात. त्या दिवशी लाईट गेली होती. माझी दोन्ही मुलं आणि शेजारणीची मुलगी पायरीवर मामांना चिकटून बसली होती. दिवसभर उभं राहून माझ्या पायांचे खांब झाले होते, म्हणून मीही उंबऱ्यात टेकले. मामा म्हणजे माझे सख्खे मामा. जन्मभर गाड्यांचा पत्रा ठोकला, त्यात कान गेले, म्हणून बोलतात मोठ्याने. पण ही गोष्ट ते हळू आवाजात सांगतात. मला तेच आवडत नाही.

"मामा, पोरांना भुताबिताचं सांगू नका. रात्री उठून माझ्याच उरावर येऊन पडतात."

"भुताचं कुठे सांगतोय? दिव्यांचं सांगतोय," मामा म्हणाले. "माझ्या दोस्ताचं. खरं आहे म्हणून सांगतोय."

हा दोस्त कारखान्यात लेथवर लोखंड कातायचा. टर्नरचं काम, म्हणून नावही टर्नरच पडलं. चिडली की बायकोही टर्नरच म्हणायची. उभं आयुष्य त्याने मशीनसमोर उभं राहून काढलं. रिटायर झाला तेव्हा साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं.

"ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ," मामा म्हणाले. "टकल्याला कंगवा!"

मुलं हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन टर्नर झोपला. महिनाभर झोपला. पण झोपेने जातो तो थकवा वेगळा. हा हाडांत मुरलेला होता. त्याची बायको, मामा तिला वहिनी म्हणतात, चहा ठेवायची आणि तोच चहा गार झाला की उचलायची. तिला वाटलं होतं, आता तरी हा माणूस आपल्या वाट्याला येईल. वाट्याला आलं ते घोरणं.

मग एक दिवस भंगारवाल्याकडे त्याला ती गाडी दिसली. जुनी स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, बुटकी, कापडी टपाची. तो पोरसवदा होता तेव्हा असली गाडी रस्त्याने गेली की माना वळायच्या. आता तिला चाकं नव्हती आणि इंजिनात उंदरांचा संसार होता. टर्नरने बॉनेटवरून हात फिरवला आणि मामा सांगतात, त्याचे खांदे सरळ झाले. वाकलेला पत्रा सरळ होतो तसे.

तीन वर्षं तो तिच्यात गुंतला. घरामागच्या शेडमध्ये एकेक पुर्जा सुटा केला, घासला, परत बसवला. मिळाला नाही तो ओळखीच्या वर्कशॉपात जाऊन स्वतः कातला. हट्ट एकच होता, गाडी मुळात जशी होती तशीच झाली पाहिजे. आणि वहिनीला त्याने शब्द दिला होता, "डाव्या सीटवर पहिली तू बसायचं. तुझ्याआधी कुणी टेकणार नाही."

त्या सीटचं कापड वहिनीने स्वतः शिवलं. जाड सुईने बोटं सोलून निघाली तरी शिवलं. नवरा तेव्हाही घरात नव्हताच, शेडमध्ये होता. पण शेडमधून शिट्टी ऐकू यायची. लग्न झाल्यापासून तिने त्याची शिट्टी ऐकली नव्हती. तेवढ्यावर ती खूश.

खोट एकच निघाली. गाडीचं डावं दार बाहेरून वेल्ड केलेलं होतं. भंगारवाला म्हणाला होता, "ते उघडत नाही. उघडूही नका." मामांनी त्या जोडावरून बोट फिरवलं. सडक्या दाराला लोक वेल्ड मारतात, तात्पुरतं. पण हे गंजावर मारलेलं नव्हतं. धडधाकट दारावर, चांगल्या रंगावर मारलेलं होतं. रंगाला फोड आलेले तसेच वाळून गेले होते.

"टर्नर, चांगल्या रंगावर वेल्ड कोण मारतो रे?"

"येडा."

"नाहीतर घाबरलेला."

"मूळ गाडीचं दार उघडायचं ना? मग उघडणार," टर्नर म्हणाला. आणि त्याने ग्राइंडर लावला.

मी तिथे असते तर ग्राइंडरची वायरच उपटली असती. असो.

गाडी पूर्ण झाली. हिरवीगार, आरशासारखी. राहिले फक्त दिवे. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार होता. आकाशात चंद्र नव्हता, साडेनऊ वाजून गेले होते. शेजारच्या गल्लीत बंद पडलेलं गोदाम होतं, त्याची लांबलचक भिंत टर्नरने हेरून ठेवली होती.

इथे मामांनी हात पुढे करून गाडी करून दाखवली. "नीट ऐका. माणूस सीटवर बसला की गाडी मागे दबते. नाक वर होतं. मग दिव्याचा उजेड भिंतीवर वर चढतो. उजवीकडे बसला तर उजवा जास्त चढतो, डावीकडे बसला तर डावा. म्हणून सेटिंग करताना ड्रायव्हरच्या जागी वजन ठेवावं लागतं. समजलं?"

मुलांनी माना हलवल्या.

टर्नर वहिनीला म्हणाला होता, "चल ना. तू ड्रायव्हरच्या जागी बस, मी पुढे स्क्रू फिरवतो."

"गुडघे धरलेत माझे," वहिनी म्हणाली. "उद्या बसते तुमच्या राणीत, माझ्या जागेवर. आज वाळूचं पोतं बसवा. ते तुमचं सगळं ऐकून घेईल."

तर टर्नर एकटाच गेला. गाडी भिंतीसमोर लावली. खडूने भिंतीवर दोन फुल्या मारल्या, प्रत्येक दिव्याची एक. उजव्या सीटवर पोतं ठेवलं. दिवे लावले. दिव्याच्या कडेला स्क्रू असतो, तो फिरवून आधी उजवा उजेड फुलीवर आणला, मग डावा आणला. काम फत्ते. तो भिंतीपाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मामा म्हणतात, त्याला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून पुरं झालं.

तेवढ्यात डावा उजेड वर चढला.

हळूच. वीतभर.

टर्नरने वळून पाहिलं. समोर दिवे, डोळे दिपले. दिव्यांमागे काही दिसेना. त्याला हसू आलं.

"आलीस का? गुडघ्यांना विचारलंस का?"

उत्तर नाही. वहिनी रुसली की बोलत नसे, त्यामुळे त्यात नवल नव्हतं.

"बरं झालं आलीस. आता हलू नकोस, उजेड हलतो."

उजेड हलला नाही. जरासुद्धा नाही. टर्नर परत भिंतीकडे वळला आणि फुलीकडे बघत बोलायला लागला. समोरासमोर जे कधी जमलं नाही ते भिंतीशी जमलं. म्हणाला, मशीनवर उभा असताना मला रोज एकच वाटायचं, बसावं. दुसरं काही नको. कुणाच्या तरी शेजारी नुसतं बसावं. म्हणाला, घरी यायचो तेव्हा बोलायला तोंडात जीवच उरायचा नाही. तुला वाटायचं मी रागात आहे. रागात नव्हतो गं. दमलेला होतो.

बराच वेळ बोलला. इतकं शांत बसून त्याचं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मग खिशातला फोन वाजला.

"अहो," वहिनी म्हणाली, "किती वेळ? मी दार लावून पडलेय. आलात की खिडकी वाजवा."

मामा थांबले. धाकटीने माझा पदर धरला. मीही तिला जवळ ओढलं, माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी.

"मग?" थोरल्याने विचारलं.

"मग काय... भिंत समोर. गाडी मागे. दिवे विझवल्याशिवाय सीट दिसायची नाही. आणि दिव्यांचा स्विच... सीटपाशी."

मामांचा आवाज आणखी खाली गेला.

"फोन कानाला. वहिनी अहो, अहो करतेय. आणि डावा उजेड... खाली आला. परत फुलीवर."

"म्हणजे?"

"म्हणजे उतरलं."



"दिवे दोन. म्हणून भिंतीवर एका माणसाच्या सावल्या दोन. त्याच्या होत्या तिथे. ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक. तो बघत होता. आणि मग..."

मामांनी हात वर केला. तीन बोटं दाखवली. थांबले. चौथं उघडलं.

टर्नर मागे वळला नाही. भिंतीला हात लावून तसाच सरकत निघाला. भिंत संपली. अंधार लागला. घरी जाऊन त्याने खिडकी वाजवली ती अशी, की वहिनीने दार उघडलं तरी वाजवतच होता.

सकाळी तो मामांना घेऊन गेला. बॅटरी उतरून दिवे विझले होते. पोतं जागच्या जागी. डावं दार सताड उघडं. आणि भिंतीवर फुल्या तीन. दोन खडूच्या. तिसरी डाव्या फुलीच्या वर, वीतभर. ती खडूची नव्हती. प्लास्टरमध्ये खरवडलेली होती.

टर्नरने डावं दार लोटून लावलं. एवढंच म्हणाला, "वेल्ड मार."

"अरे, नव्या रंगावर?"

"मार."

गाडी ढकलत शेडमध्ये आणली आणि मामांनी वेल्ड मारलं. हिरवा रंग फुगला, त्याला फोड आले. जुने फोड होते त्याच जागी. वहिनी शेडच्या दारात उभी राहून बघत होती.

"मग मी कुठून बसू?" तिने विचारलं.

टप खाली करून, ड्रायव्हरच्या बाजूने चढूनही ती गेली असती, तेवढी हिंमत होती तिच्यात. पण टर्नर म्हणाला, नको. तिथे नको.

दिव्यांचं एकदा बघून घ्यायचं म्हणून बॅटरी भरून संध्याकाळी दोघं परत भिंतीपाशी गेले. टर्नर उजवीकडे, स्टिअरिंगवर. डावी सीट रिकामी. मामा भिंतीजवळ उभे. टर्नरने दिवे लावले. उजवा उजेड फुलीवर. डावा...

मामांनी मान खाली घातली.

"डावा तिसऱ्या फुलीवर. बरोबर मधोमध. दार आम्ही बंद केलं, पोरांनो. पण ते तेव्हा बाहेर होतं की आत... ते बघायचं राहिलं."

तेवढ्यात लाईट आली. कुणी उठलं नाही.

"मग त्यांनी गाडी विकून टाकली?" शेजारणीच्या मुलीने विचारलं.

"विकतोय कसला. रोज संध्याकाळी काढतो. फेऱ्या मारतो, घरी येऊन गाढ झोपतो. तब्येत सुधारली त्याची. मला म्हणाला, रिटायर झाल्यासारखं आत्ता कुठे वाटतंय. म्हणाला, ऐकून घेणारं माणूस पाहिजे बाबा शेजारी."

"आणि वहिनी?" मी विचारलं.

"दारात बसते. तो येईपर्यंत."

"त्या सीटचं कापड तिने शिवलंय, मामा! बोटं सोलून! जिवंत बायकोशी बोलायला तोंड नव्हतं त्याला?"

मामा चपला शोधायला लागले. मुलं त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जातात, त्या दिवशी गेली नाहीत. मीच गेले.

ते गोदाम आमच्या वाटेवर आहे. खडूच्या फुल्या पावसाने कधीच धुऊन नेल्या. तिसरी आहे. त्या वळणावर आम्ही होतो तेव्हाच मागून एक गाडी आली, बुटकी, टप खाली केलेली. आत म्हातारा एकटाच. वळताना तिचे दिवे भिंतीवर पडले. उजवा खाली होता. डावा वीतभर वर.