सखूआत्याचा हात

शौर्या, मघापासून टीव्हीपुढं हात नाचवतोयस, ते बंद कर बघू. हसू नका रे. आहुप्याच्या गोकुळचं काय झालं ते सांगतो, मग हसा. ऐकीव न्हाई, त्या दिवशी जीप माझीच व्हती.

सतरा नोव्हेंबर दोन हजार सहा, शुक्रवार. गोकुळला जुन्नरहून आहुप्याला न्यायचं, त्याच्या सखूआत्याला गाडीत घालायचं आन् मंचरच्या दवाखान्यात आणायचं, एवढंच काम. आत्या जन्माची मुकी. आईबाप गेल्यावर तिनंच ह्याला वाढवला, नाचणीच्या भाकरीवर इंजिनियर केला. चार दिवस तिच्या छातीत दुखत व्हतं.

गोकुळनं एक यंत्र केलं व्हतं. भिंतीएवढा पडदा, त्यावर आपल्या दोन्ही तालुक्यांचा नकाशा, वर कॅमेरा. माऊस न्हाई, काय न्हाई. हात हलवला की नकाशा सरकायचा. हात छातीकडं ओढून 'ये' केलं, की गाव मोठं व्हऊन जवळ यायचं. ह्या खुणा कुणाच्या? आत्याच्या. तिकडं एका डोंगरावरनं दुसऱ्यावर हाक पोचत न्हाई, माणसं हातानंच बोलतात. त्यात ती मुकी, तिच्याएवढा स्वच्छ हात कुणाचा न्हाई. गणपतीत दोन दिवस ह्यानं तिला बांधावर उभी करून हजारदा हात हलवायला लावला. कॉम्प्युटर शिकला तिच्या हातावर, आन् यंत्राच्या पत्रकावर नाव एकट्या गोकुळचं.

जुन्नरच्या एका हॉलमध्ये ते यंत्र मांडलं व्हतं. सांजच्याला सात वाजता मी त्या हॉलच्या दारात हॉर्न दिला.

"गेणभाऊ, सकाळी पुण्याचे साहेब यंत्र बघायला येणारेत. आज कसं निघू? उद्या दुपारी जाऊ की."

"आरं, म्हातारी वाट बघत आसंल."

"एका रात्रीनं काय व्हतंय?"

मला बी रातचा घाट नको व्हता. मी जीप बंद करून हॉलमध्येच पथारी टाकली. त्यातलं अर्धं पाप माझं.

साडेअकराला नकाशा आपोआप सरकला. मावळतीकडं. गोकुळचे हात खिशात व्हते. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरण गेलं... आहुपं आलं. देवराईचा हिरवा ठिपका मोठा झाला. आणखी मोठा.

"कॅमेऱ्यात बिघाड आहे," गोकुळ म्हणाला. नकाशा परत जुन्नरला आणला.

पुन्हा आहुपं.

परत आणला.

पुन्हा...

"गोकुळ, आत्या बोलावतीय."

तो उठला. कॅमेऱ्याची वायर उपटली.

नकाशा थांबला न्हाई. थकल्या हातानं कुणी ओढावा, तसा... येतच राहिला.

"चल," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता चल."

त्यानं कॉम्प्युटरचा प्लगच काढला. अंधार. त्यातनं त्याचा आवाज आला, "झोपा आता, गेणभाऊ."

सकाळी सायबांनी लई टाळ्या वाजवल्या. यंत्र एकदाबी चुकलं न्हाई. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझं डोकं फिरतं.

दुपारी आहुप्याला पोचलो तर अंगणात माणसं. शेजारची वैजयंती गोकुळला म्हणाली, "रातभर दारात बसून उगवतीकडं हात करीत व्हती. निजायला सांगितलं तर ऐकंना. पहाटं चारला हात खाली पडला."

गोकुळ रडला न्हाई. तिचं दिवसकार्य झाल्यावर मला घेऊन जुन्नरला गेला, सगळं पुसून टाकायला. पडद्यापुढं केलेल्या प्रत्येक खुणेचा फोटो ते यंत्र वेळ घालून ठेवायचं. शेवटून बघत गेलो. सायबांपुढं केलेल्या गोकुळच्या खुणा. त्याच्या लगेच आधीचा एक फोटो.

अठरा तारीख. पहाटं चार वाजून दहा मिनिटं.

कॅमेरा काढलेला. प्लग काढलेला. हॉलमध्ये आमी दोघं निजलेलो.

फोटोत एक हात व्हता. सुरकुतलेला, बांगडी नसलेला. 'ये' म्हणत नव्हता. तळवा बाहेर, बोटं ताठ. ही खूण गोकुळनं यंत्राला कधी शिकवलीच नव्हती...

मला कळली न्हाई. त्याला कळली. त्यांच्यात मयत उचललं की घाट चढून येणाऱ्याला वरनं असा हात करतात.

आता येऊ नको.