सरज्याचा थांबा

उसाची ट्रॉली मनकर्णेच्या विहिरीपाशी थांबली, ती हाकणाऱ्या यशयामुळे नव्हे, सरज्या बैलामुळे. उन्हात रुळांवरून ट्रॉली ओढून तो तहानला होता, आणि पाटात मोटेचं पाणी खळाळत होतं. मनकर्णेनं घमेलं भरून त्याच्यापुढं ठेवलं. यशया नुसता कासरा धरून उभा राहिला, ओशाळलेला.

दुसऱ्या दिवशी सरज्या पुन्हा तिथंच थांबला. मग रोजच.

"तहान बैलाला लागती का हाकनाराला?" एकदा तिनं विचारलं.

"बैल कारखान्याचा हाय... तहान माजी," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मनकर्णा पदराआड हसली.

दुसरी मोठी लढाई संपली तशी पुणतांब्याजवळच्या त्या साखर कारखान्यानं ट्रॉल्यांसाठी लहानसं इंजिन आणलं. बैल विकायला काढले. सरज्याला मनकर्णेच्या वडिलांनी, पुंजारामांनी, मोटेसाठी घेतलं. यशया इंजिन चालवायला शिकला.

"आता कसं थांबनार तुमी?" तिनं विचारलं. या वेळी ती हसली नाही.

इंजिन वाटेत उभं करायचं नाही, असा हुकूम होता. लाल झेंडी दिसली तरच थांबायचं. हिरवी दिसली की पुढं जायचं. हे सगळं त्यानं तिला समजावून सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "घरी इचार. व्हय म्हनले तर लाल लुगडं नेसून बांधावर ये... नोकरी गेली तरी थांबतो."

पुंजाराम रागावले नाहीत. पोरगा गुणाचा आहे, पण ख्रिस्ती आहे, भावकीला काय तोंड दाखवू, एवढंच म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले. मनकर्णेनं ते ताट झाकून ठेवलं. कर्जतचं स्थळ ठरलं.

यशया रोज बांधाकडं बघत जायचा. एका सकाळी ती दिसली. अंगावर साखरपुड्याचं हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा. तो हात तिनं उंच धरला होता — लांबून दिसावा म्हणून.

त्याचा हात ब्रेकवर गेला होता. थोडा वेळ तिथंच राहिला... मग सुटला. इंजिन तिच्यासमोरून निघून गेलं.

मागं विहिरीवर, रुळांची खडखड ऐकून सरज्या थबकला. मोट अर्ध्यातच लोंबकळली. पुंजारामांनी आसूड उगारला, पण मारला नाही.

मनकर्णा घमेलं भरून घेऊन आली. सरज्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. तो रुळांकडं बघत उभा राहिला.