सहाव्या प्रश्नाचं उत्तर

पेपर हातातून सुटला रे सुटला की मुलींच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. मग बाहेर ग्वाल्हेरची एप्रिलमधली लू अंग भाजून काढत असली तरी कुणाला पर्वा नसते. एकोणीसशे एकोणचाळीस साली लश्कर भागातल्या मुलींच्या त्या शाळेतही तेच चाललं होतं. अंगणातल्या कडुनिंबाखाली तिघी जणी बसल्या होत्या, कुमुदिनी, वनमाला आणि सरोजिनी. सरोजिनी तिखटमीठ लावलेली कैरी मचामचा खात होती. बाकीच्या दोघींच्या घशाखाली काही उतरण्यासारखं नव्हतं.

परीक्षाच तशी होती. वाचनाची परीक्षा, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या संस्थानात एकच पेपर. रीत अशी की छापलेला उतारा मुकाट्याने वाचायचा, घंटा झाली की परत द्यायचा आणि मगच प्रश्नांचा कागद हातात पडायचा. उतारा पुन्हा बघायची सोय नाही. डोक्यात राहिलं तेवढंच आपलं. शाळेत जी पहिली येईल तिला पुढच्या शिक्षणाची स्कॉलरशिप, आणि ती एकीलाच.

कुमुदिनीचे वडील जगदेवराव पागेत नोकरी केलेले गृहस्थ. बोलले की बोलले. "स्कॉलरशिप मिळाली तर शीक, माझी ना नाही. नाही मिळाली तर मुरारच्या स्थळाला मी शब्द देऊन टाकणार." मुरारचं स्थळ म्हणजे फौजेच्या कोठीवरचा कारकून, बिजवर, दोन पोरांचा बाप. कुमुदिनीने त्याला एकदा चोरून पाहिलं होतं आणि त्या रात्री ती जेवली नव्हती.

आणि घोळ असा, की वर्गात दरसाल पहिली यायची ती शास्त्र्यांची वनमाला. कुमुदिनीची जिवाभावाची मैत्रीण.

"हत्ती पाण्यात का उतरेना?" वनमालेने विचारलं. उतारा राजाच्या हत्तीचा आणि त्याच्या माहुताचा होता.

"तळ्याचं पाणी गढूळ होतं म्हणून," कुमुदिनी म्हणाली.

"बरोबर."

"हाय राम! मी लिहिलं, माहुताने मारलं म्हणून," सरोजिनी म्हणाली.

"तू उतारा वाचलास की हुंगलास गं?" वनमाला म्हणाली.

"अरे छोड़ ना! मला कुठे पुढे शिकायचंय?" सरोजिनीने कैरीची आणखी एक फोड तोंडात टाकली.

एकेक उत्तर पडताळत गेल्या. पाचही प्रश्नांची कुमुदिनीची आणि वनमालेची उत्तरं तंतोतंत जुळली. कुमुदिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. निदान बरोबरी तरी होती.

"आणि सहाव्याचं काय लिहिलंस?" वनमालेने विचारलं.

"सहाव्याचं? प्रश्न पाचच होते."

"कागदाच्या मागे होता की! तो मुलींचा."

कुमुदिनी चमकून तिच्याकडे वळली. "माहुताच्या गोष्टीत मुली कुठून आल्या?"

"तेच तर मला कळेना," वनमाला म्हणाली. "उताऱ्याच्या शेवटी होतं बघ. परीक्षा देऊन तीन मुली झाडाखाली बसतात. एक कैरी खात असते. मग तिघी घरी निघतात. आणि प्रश्न होता, तिघींपैकी घरी कोण पोहोचली नाही? उताऱ्यात कुणाचं नावच नाही, मग उत्तर काय लिहिणार? मी तसंच लिहून टाकलं, नाव दिलेलं नाही म्हणून."

"मीपण तेच लिहिलं," सरोजिनी म्हणाली. तिचा हात तोंडाशी थांबला होता. तिने हातातल्या फोडीकडे पाहिलं, ओठ पुसले आणि फोड हळूच मातीत टाकून दिली.

खरं तर तिघींनी तिथेच घाबरायला हवं होतं. पण कुमुदिनीला त्या वेळी कैरीचं काही सुचलंच नाही. तिच्या डोळ्यांपुढे मुरारचा बिजवर उभा राहिला. एक अख्खा प्रश्न राहून गेला! ती उठली आणि धावत शाळेच्या बाईंच्या, इंदुताईंच्या, खोलीकडे गेली. पाठोपाठ दोघी.

इंदुताई गठ्ठे बांधत बसल्या होत्या. मेणबत्तीवर लाख वितळत होती. शिपाई दाराशी उभा होता, दुपारच्या गाडीने पेपर जायचे होते. त्यांनी मुलींचं सगळं ऐकून घेतलं, प्रश्नांचा एक कागद उचलला आणि उलटून दाखवला. मागची बाजू कोरी. उताराही हत्ती-माहुतावरच संपत होता, त्याचीही मागची बाजू कोरी. मग त्यांनी वनमालेची उत्तरपत्रिका काढली, सरोजिनीची काढली. दोन्हीत पाचच उत्तरं.

"मी लिहिलं होतं, बाई," वनमाला म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आईशप्पथ, या हाताने लिहिलं होतं."

"ऊन लागलंय तुम्हाला. जा, माठातलं पाणी प्या आणि सरळ घरी जा तिघी."

सरोजिनी आणि वनमाला बाहेर गेल्या. जाताना वनमालेने कुमुदिनीचा दंड दाबला आणि म्हणाली, "बघ, सुटलीस! उगीच जीव काढला मी तुझा." कुमुदिनीला हसू आलं. अगदी मोकळं, खुळ्यासारखं हसू.

"तू थांब," बाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात आता कुमुदिनीची उत्तरपत्रिका होती. त्यांनी ती तिच्यापुढे सरकवली.

"हे काय आहे?"

पाच उत्तरं होती. त्यांच्याखाली सहाचा आकडा, आणि पुढे एकच शब्द.

वनमाला.

अक्षर कुमुदिनीचं होतं. तिचा तो लांब शेपटीचा 'ल', तीच निळी शाई.

"मी नाही लिहिलं, बाई."

"मग कोणी लिहिलं? अक्षर मी ओळखत नाही होय?" इंदुताईंचा आवाज कठोर झाला, पण त्या हळूच बोलत होत्या, शिपायाला ऐकू जाऊ नये म्हणून. "पेपरात असं कुणाचं नाव दिसलं की परीक्षक ती खूण समजतात. पेपर रद्द होतो. स्कॉलरशिप राहिली बाजूला. तूच काट मार. मुलीने स्वतःच्या हाताने मारायची, शेजारी मी सही करते, म्हणजे चालतं. लवकर कर, गाडीची वेळ झाली."

कुमुदिनीने टाक घेतला. तिला तो शब्द तिथे नकोच होता. पेपरासाठी नको होता, आणि त्या प्रश्नापुढे मैत्रिणीचं नाव, तेही नको होतं. तिने आडवी रेघ मारली. मग आणखी एक. अक्षर दिसेनासं होईपर्यंत ती गिरवत राहिली.

इंदुताईंनी शेजारी सही केली.

ती बाहेर आली. कडुनिंबाखाली सरोजिनी एकटीच बसली होती.

"वनमाला गेली?"

"कोण?"

"चेष्टा पुरे, सरू. वनमाला कुठाय?"

"कोण वनमाला?" सरोजिनीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का तुला? चल ना घरी. तू तर पहिली येणारच आहेस, दरसालसारखी. काळजी कशाची करतेस?"

कुमुदिनीने तिचे खांदे धरले आणि गदागदा हलवले. सरोजिनीच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. भीती होती, तीही कुमुदिनीच्या अशा वागण्याची.

"दोघी अजून इथेच?" खोलीतून इंदुताईंचा आवाज आला.

दोघी.

कुमुदिनी पळत आत शिरली. गठ्ठ्यावर सुतळी चढली होती.

"बाई, शास्त्र्यांच्या वनमालेचा पेपर दाखवा!"

"शास्त्र्यांना मुलगी कुठे आहे?"

"बाई, मला ते नाव परत लिहू द्या. मी काट मारली ते. पाया पडते!"

इंदुताईंनी लाखेची कांडी बाजूला ठेवली. मग सुतळी सैल केली आणि कागद ओढून काढला. "काय लिहिलं होतंस, आता वाचतासुद्धा येत नाही. पण नीट ऐक. इथे पुन्हा काही लिहिलंस तर मी सही करणार नाही. पेपर रद्द झालाच समज. मग जगदेवराव काय करतील, ते तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं.

तिने टाक शाईत बुडवला. एका लग्नाचं काय मोठं, ती स्वतःला म्हणाली. तिकडे वनमाला आहे.

टाक कागदावर आला आणि थांबला.

त्या कारकुनाच्या मिशा तिला दिसल्या. त्याची दोन पोरं दिसली, मुरारचं ते कोठीमागचं घर दिसलं. एवढी मेहनत, आणि सगळी उत्तरं बरोबर. क्षणभरच ती थांबली, फार नाही.

मग तिने टाक टेकवला.

"लिही," इंदुताई म्हणाल्या. "काय लिहायचं होतं?"

कुमुदिनी कागदाकडे पाहत राहिली. टाकाखाली शाईचा ठिपका पसरत होता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने बाहीने पुसलं आणि ओल्या बाहीकडे नवलाने पाहिलं.

"काही नाही, बाई," ती म्हणाली. "पाचच प्रश्न होते ना?"