बिनबापाचे नर

अस्मिताबाईंनी बरणीचं झाकण काढलं आणि प्रमोदिनीबाईंनी नाकाला पदर लावला. आत गलेलठ्ठ अळ्या निपचित पडल्या होत्या. त्यांच्या अंगाला चिकटून बारीक पिलं रस ओढत होती.

"शी! हे तुम्ही शेतकऱ्यांना वाटता?"

"ही पिलं गांधीलमाशीची. पिकावरची अळी हीच माशी संपवते." अस्मिताबाईंनी एक अळी बोटांनी उचलून पाहिली आणि हात ॲप्रनला पुसला.

प्रमोदिनीबाई तुळजापूरच्या निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, आता खाजगी गुप्तहेर. किड्यांची किळस तेव्हाही होती, आताही होती. सोबत गाडी चालवणारे खाजाभाई.

जळकोटच्या या प्रयोगशाळेत अस्मिताबाईंनी आठ वर्षं खपून या माशीची कडक उन्हात तगणारी जात तयार केली होती. महिन्याअखेर तिची नोंदणी. अर्जाचं पाकीट चिकटवून तयार होतं. आणि आता पिंजऱ्यात नुसते नर निघाले होते. माद्या नसतील तर जात संपलीच.

"श्रिया म्हणते, उन्हानं नर वांझ झाले," अस्मिताबाई म्हणाल्या. "बापाविना घातलेल्या अंड्यांतून नरच निघतात. पण माझं मन मानत नाही."

अळ्या वाढवणारा बलभीम वैतागला होता. "औषध-बिवषध कुणी मारलं न्हाय, बाई. फकस्त रोज मूठभर अळ्या कमी भरत्यात. उंदीर म्हणावं तर लेंडी दिसंना."

मदतनीस श्रिया काचनळ्यांच्या फळीपाशी बसली होती. प्रत्येक नळीत एकच कोश, तोंडाला कापूस. "ही साधी जात. माशी निघायला किती दिवस लागतात ते मोजते." पायाशी मलमलीत बांधलेला डबा होता.

"भूक लागली म्हणलं, तर पोरगी म्हणती, आज निर्जळी उपास," खाजाभाई बाहेर येऊन कुरकुरले.

प्रमोदिनीबाईंनी पिंजऱ्यातले चार नर डीएनए तपासणीला पाठवले. आठवड्यानं अहवाल घेऊन त्या परतल्या आणि सगळ्यांना बोलावलं.

"पेशींतले मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात. या नरांची आई साध्या जातीची निघाली. ऊन निमित्त. पिंजऱ्यातले नर-माद्या उचलून कुणीतरी तिथं नुसत्या साध्या माद्या सोडल्या."

"पर नुसते नर कशे?" खाजाभाईंनी विचारलं.

"बदली माद्यांना नर भेटलाच नव्हता. एकत्र वाढलेल्या माद्यांना तो भेटतोच. न भेटलेल्या कुठं मिळतील? जिथं प्रत्येक माशी एकटी जन्मते."

बलभीमनं काचनळ्यांकडे पाहिलं.

"चोरलेल्या माश्यांना रोज मूठभर अळ्या लागतात. आणि श्रिया, त्या दिवशी तुझा निर्जळी उपास होता, तरी हाच डबा पायाशी होता. उघड तो."

डब्यात पोळीभाजी नव्हती. वळवळत्या अळ्यांवर माद्या बसल्या होत्या. प्रमोदिनीबाईंनी पुन्हा नाकाला पदर लावला. अस्मिताबाईंचे डोळे भरले. जात जिवंत होती.

"आठांतली पाच वर्षं माझी होती, ताई," श्रिया म्हणाली. "माझं नाव कुठं होतं?"

अस्मिताबाईंनी पाकीट फाडून अर्ज तिच्यापुढे धरला. 'जातीचं नाव' या रकान्यापुढे लिहिलं होतं : श्रिया.

मग अळी धरलेला हातही नुसता ॲप्रनला पुसणाऱ्या अस्मिताबाई नळावर गेल्या आणि साबण लावून कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.